दुसऱ्या बंदुकीची वर्गणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, माझ्या आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हे तेवढं बाजूला सारून बाकीचंच बोलते. तुम्हाला लिहून सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर बसले की माझी जीभ भलतीकडे वळते. आधी मळ्यातलं सांगेन, मग बाजारभाव, मग गुडघ्याचं दुखणं, आणि तोवर समोरच्याची निघायची वेळ होते. आताही तसंच व्हायला लागलंय, बघा.

मी आमच्या गावची पोलीस पाटील आहे. किन्हीराजाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. पाटीलकीची जागा बायकांसाठी राखीव निघाली, सासऱ्यांनी अर्ज भरायला लावला, मी परीक्षा दिली आणि झाले. पहिले काही महिने गाव हसलं. बाई पंचनामा करणार म्हणे! मग हसणं थांबलं, कारण मी तोंडानं फटकळ आहे. दारू पिऊन चौकात धिंगाणा घालणाऱ्याला मी चारचौघांत त्याच्या बापाच्या नावासकट हाक मारते आणि घरी पाठवते. पाटलीणबाईच्या कानावर घातलं की काम होतं, असं बायका म्हणायच्या. हे वाक्य मी किती मिरवलं असेल! माहेरी गेले की कुठून ना कुठून विषय तिथे आणायचे.

पोलीस पाटलाकडे एक काम असतं, चौकशीचं. कुणाला नोकरीसाठी दाखला हवा, कुणाला परदेशी जायचं, कुणाला बंदुकीचा परवाना हवा, की ठाण्यातून जमादार येतात. त्यांना गावातलं काय माहीत? ते मला विचारतात, माणूस कसा आहे. कागदावर सही त्यांची, पण शब्द माझा. माझ्या शब्दावर जगाला कळतं की हा माणूस बरा आहे.

आता भास्करचं सांगते. आमच्या मळ्याला लागून त्याचं वावर. तो मला वयनी म्हणायचा, त्याची बायको नंदा मला ताई म्हणायची. वडील गेले तेव्हा त्यांची पीक राखणीची बंदूक भास्करला आपल्या नावावर करून घ्यायची होती. त्या वेळची चौकशी मी चोख केली होती, हे मला सांगायलाच हवं. जमादार यायच्या आधी मी एकटी त्याच्या घरी गेले, चुलीपाशी बसले, नंदाला बाजूला घेऊन विचारलं. ती हसून म्हणाली होती की हे तर कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवतात. मी तसंच सांगितलं, आणि ते खरं होतं.

मग भास्कर ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि पडला. थोडक्यात पडला, तेच वाईट झालं. मोठ्या फरकानं पडला असता तर विसरला असता. आपल्याला कुणी मत दिलं नाही हे तो मोजायला लागला, आणि मोजणी घरापासूनच सुरू केली. नंदाचा चुलतभाऊ दुसऱ्या पॅनलचा होता ना! प्यायला लागला. रात्री जेवताना बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसायचा म्हणे. मारत नव्हता, नुसता विचारायचा, खरं सांग, बटन कोणतं दाबलं? एकेका घासाला विचारायचा.

हे मला माहीत होतं का? होतं. सगळी आळी ऐकायची, आणि मी तर त्या आळीचा कान होते.

त्या साली डुकरांनी उच्छाद मांडला होता. आम्ही भाजीपाल्यावर जगणारी माणसं. त्या साली मी रताळी बरीच लावली होती, कारण महाशिवरात्रीला वाशिमच्या बाजारात उपासाच्या रताळ्याला भाव असतो. रानडुकराला रताळ्याचा वास कुठून येतो देव जाणे. एका रात्रीत वाफेच्या वाफे उलटे करून जायची. साड्यांचं कुंपण केलं, डबे बांधले, भोंगा आणला. डुकरं त्या भोंग्याखाली चरायची. भास्कर घरून बंदूक घेऊन येईपर्यंत ती पोट भरून गेलेली असायची. बरं, कधी कधी तर तो यायचाच नाही. बंदुकीच्या कपाटाची किल्ली सापडत नाही, असा निरोप यायचा.

तेव्हा भास्करनंच काढलं की आपण दुसरी बंदूक घेऊ. घरची घरी राहील, दुसरी वावरातल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत. रात्री मी जागल करीन, चारी धुऱ्यांची राखण होईल, असं तो म्हणाला. आम्हा शेजाऱ्यांना ते पटलं. पण अडलं कुठे तर फीवर. एका माणसाच्या नावावर दुसरी बंदूक घ्यायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा पोलिसांची चौकशी आणि तिचाही पुन्हा खर्च. भास्कर पारावर बसून सरकारला शिव्या घालायचा. त्याचं एक वाक्य सगळ्यांना फार आवडलं होतं.

"मानूस तोच हाय. एकदा तपासला नं? मंग दुसऱ्यांदा कायले पैशे?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि वरून भर घातली, की जमादारांना काय, दुसऱ्यांदा तोच चहा प्यायचा आणि तेच लिहायचं. हशा आणखी वाढला. मला लोकांना हसवायला आवडतं, हा माझा स्वभाव.

आमच्याकडे राखणदार ठेवायचा तर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागलेले सगळे मिळून वर्गणी काढतात. जुनी रीत आहे, कुणी कुणाला विचारत बसत नाही. तीच रीत आम्ही इथे लावली. बंदूक भास्करच्या नावावर, पण राखण सगळ्यांची, म्हणून अर्जाची आणि चौकशीची जी काही फी होईल ती आम्ही शेजाऱ्यांनी वाटून भरायची. माझा वाटा मी स्वतः त्याच्या हातावर ठेवला.

कळतंय ना, काय झालं ते? ज्या चौकशीत मला शब्द द्यायचा होता, तिचीच फी मी भरली होती. तेव्हा हे मनातही आलं नाही असं म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. पण आलं होतं. पैसे देताना क्षणभर हात अडखळला होता. मग रताळ्याचे उलटे वाफे डोळ्यांपुढे आले, आणि हात पुढे गेला.

नंदा माझ्याकडे आली ती त्यानंतर. दुपारची वेळ होती. मी ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. ती बसली आणि न सांगता तीही बांधायला लागली. तिचा हात भराभर चालायचा, जुडी अशी बांधायची की बाजारात लोक निवडून तिचीच उचलायचे. चार-सहा जुड्या बांधून झाल्या. मग खाली मान घालून म्हणाली,

"ताई, तुमी या बंदुकीले हो म्हणू नोका. घरातल्या कपाटाची किल्ली मायापाशी असते. हे पिऊन आले का मी म्हणते, सापडून नाही राह्यली. शोधता शोधता झोपून जातात ते. पण वावरातली कोन लपवन, ताई?"

म्हणजे ती किल्ली कधी हरवलीच नव्हती. इतके दिवस ती बाई एका किल्लीवर संसार ओढत होती, आणि आम्ही मात्र भास्कर राखणीला आला नाही म्हणून तिच्या वेंधळेपणाला नावं ठेवत होतो. मी स्वतः तिला एकदा टोचून बोलले होते की किल्ली गळ्यात बांध. ती तेव्हाही हसली होती.

मी काय म्हणायला हवं होतं? पोलीस पाटील होते मी. मी जमादारांना एक वाक्य बोलले असते, घरात त्रास आहे एवढंच, की तो अर्ज तिथेच बसला असता. भास्कर भडकला असता, शेजारी चिडले असते, भरलेली फी गेली असती, माझी रताळी गेली असती. एवढंच झालं असतं.

"बरं, पाहते मी," मी म्हटलं.

तिला बरं वाटलं. राहिलेल्या जुड्या बांधून ती गेली. जाताना वळून म्हणाली की मी आले होते हे यांना सांगू नका. ते मात्र मी पाळलं.

चौकशीच्या दिवशी जमादार आले ते थेट भास्करच्या ओट्यावर बसले. दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या, दोघेही वर्गणीतले. जमादार जुने होते, सरळ माणूस. त्यांनी कागद मिटता मिटता विचारलं की घरच्या बाईलाही विचारून घ्यायचं का, दुसरं हत्यार आहे म्हणून. नंदा दारातच उभी होती, हातात चहाचा ट्रे घेऊन. भास्कर तिच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. आणि ती — तीही माझ्याकडेच बघत होती. मी विचारू द्या म्हटलं असतं तरी नवऱ्यासमोर ती बोलली असती का, मला माहीत नाही. मी तिला तेवढी जागाच ठेवली नाही.

"तिले काय विचारता, साहेब. रोजचं पायते नं मी हे घर. काई तक्रार नाही."

जमादारांनी मान हलवली. नंदानं चहा दिला, आणि सगळ्यांत आधी मला दिला, बाई म्हणून. मी तो चहा प्यायले.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. मलाही खूप दिवस वाटायचं की हेच सगळ्यांत वाईट आहे. एवढंच असतं तर एखाद्या दिवशी रडून मी कुणाला तरी सांगूनही टाकलं असतं. लोकांनी समजूत घातली असती, तुला काय स्वप्न पडलं होतं का म्हणून. पुढचं आहे ते सांगायला मी इतके कागद खर्च करते आहे.

बंदूक आली. भास्कर खोपडीत राहायला लागला. रात्री बार निघायचा, डुकरं पळायची, आम्ही पांघरुणात कूस बदलून निवांत झोपायचो. नंदा रोज दिवस उगवायच्या सुमारास त्याचा डबा घेऊन धुऱ्याधुऱ्यानं जायची. माझ्या अंगणावरूनच वाट होती. आधी ती थांबून दोन शब्द बोलायची. चौकशीनंतर नुसती मान हलवायची. रागानं नाही हो. राग असता तर बरं झालं असतं.

शिवरात्र तोंडावर आली होती. थंडी होती. उजाडताना एक बार झाला. मी चूल पेटवत होते. मनात आलं, एवढ्या उशिरा डुकरं? थोड्या वेळानं फोन वाजला. भास्करचा आवाज ओळखू येत नव्हता. "वयनी, लवकर या. डुक्कर समजून..." एवढंच बोलला.

मी धावत गेले. सगळ्यांत आधी मीच पोचले. नंदा धुऱ्यावर पडली होती. वाटेवर पडली होती, बाजूच्या हरभऱ्यात नव्हे. संपलेली होती. भास्कर खोपडीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता, बंदूक बाजूला. मी काही विचारायच्या आतच तो सांगायला लागला, हरभऱ्यात हाललं, अंधूक होतं, डुक्कर वाटलं. पुन्हा पुन्हा तेच.

आणि मग मला डबा दिसला.

तिच्यापासून दोन पावलांवर, धुऱ्याच्या कडेला, डबा नीट उभा ठेवलेला होता. झाकण बंद, कडी लावलेली, खाली दगड बघून सपाट जागी ठेवलेला. चालत्या माणसाला गोळी लागली तर हातातला डबा असा बसतो का? तो पडतो, कलंडतो, पिठलं सांडतं. हा डबा तिनं हातानं ठेवला होता. म्हणजे ती थांबली होती. उभी राहिली होती. कदाचित बोलत होती, कदाचित तिला काही विचारलं जात होतं, तेच, रोजचं. चालताना हललेलं डुक्कर ती नव्हती.

की पायात काटा रुतला म्हणून ठेवला असेल? असेलही. मला नाही माहीत. मला कधीच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली.

मी डब्याकडे बघत होते. वर बघितलं तर भास्करही डब्याकडेच बघत होता. आमची एकदा नजरानजर झाली. तो काही म्हणाला नाही. त्यानं मला काही मागितलं नाही, धमकी दिली नाही, हात जोडले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला नंतर पुष्कळदा वाटलं की म्हणाला असता तर किती बरं झालं असतं.

माझ्या डोक्यात त्या वेळी नंदा नव्हती. तिच्या पायाशी उभी राहून मी हिशेब करत होते. डबा दिसला की ठाण्याचे साहेब विचारतील, भांडण होतं का. भांडण म्हटलं की घरचं निघेल. घरचं निघालं की निघेल, मग दुसरी बंदूक कुणाच्या शब्दावर मिळाली. आणि मग वर्गणी निघेल. पाटलीणबाईनं फी भरली आणि पाटलीणबाईनंच चांगला म्हटलं.

मी वाकले, डबा उचलला आणि शालीखाली घेतला.

मग ठाण्याला फोन केला. माणसं जमली. साहेब आले, पंचनामा झाला. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दोघांचं कसं होतं. काखेत डबा होता. शालीतून त्याची ऊब लागत होती. मी म्हटलं, काही तक्रार नव्हती साहेब. तेच शब्द होते, दुसऱ्यांदा बोलायला अजिबात जड गेले नाहीत.

अपघात म्हणून लिहिलं गेलं. हलगर्जीपणाची केस झाली, भास्कर काही काळ आत राहून आला. दोन्ही बंदुका जमा झाल्या. त्या दिवशी घरी येऊन मी डबा उघडला होता. फडक्यात भाकरी, पिठलं, ठेचा, आणि एक कांदा चिरून नाही, फोडून दिलेला, कारण त्याला फोडलेलाच आवडायचा. मी ते कुत्र्याला घातलं. डबा घासला. त्या साली माझी रताळी चांगली निघाली. शिवरात्रीला वाशिमला नेली, भाव मिळाला, लोकांनी उपासाला खाल्ली.

भास्कर आता समोरच्या ओट्यावर बसून असतो. पीत नाही. मला बघितलं की अजूनही वयनी म्हणतो, मी मान हलवते. गाव म्हणतं, बिचाऱ्याच्या हातून घडलं. तो माझ्याबद्दल काय म्हणत असेल मनात? पारावर कधी बंदुकीचा, फीचा विषय निघाला की लोक अजून त्याचंच वाक्य बोलतात, माणूस तोच तर दुसऱ्यांदा पैसे कशाला. मी तिथून उठून जाते. तो माणूस तोच नव्हता. दुसऱ्यांदा विचारायचे पैसे होते ते, आणि मी विचारलं नाही. आणि मीही कुठे तीच होते?

मी अजून पोलीस पाटील आहे. बायका अजूनही येतात. मी त्यांचं ऐकून घेते. घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, ते बघायला जायची मला भीती वाटते, आणि मी जात नाही.

नंदाची मुलगी पल्लवी तेव्हा लहान होती, पुढे ती मानोऱ्याकडे दिली. तिच्या लग्नात आईच्या जागी मला उभं केलं, जवळची म्हणून. मी उभी राहिले. परवा ती माहेरी आली होती, आईची भांडी न्यायला. माझ्याकडे येऊन म्हणाली की सगळी मिळाली, एक डबाच नाही. आजीनं आईला लग्नात दिलेला, त्याच्यावर कोरलेलं होतं, चि. नंदा हिस आईकडून भेट.

मला पाठ आहे ते. डबा माझ्या कोठीत गव्हाच्या तळाशी आहे. दर वर्षी नवे गहू भरताना मी तो काढते, पुसते आणि परत खाली ठेवते.

मी म्हटलं, पंचनाम्यात पोलिसांनी नेला असेल. तिचा चेहरा उतरला. मग तिला माझं काम आठवलं.

"काकू, तुमी तं ठाण्यात जाता. विचारून पाहा नं एकदा. आईच्या हातचं तेवढंच मांगून राह्यली मी."

"बरं, पाहते मी," मी म्हटलं.

तिला बरं वाटलं.